लडाखमधील हंगामी फुलझाडे : अल्प उन्हाळ्यातील फुलोरा

समुद्रसपाटीपासून सुमारे ३,५०० मीटर उंचीवर असलेल्या लेह परिसरात बागेसाठी मे ते सप्टेंबर एवढाच काळ मिळतो. हिवाळ्यात तापमान उणे २० अंश सेल्सिअसपर्यंत उतरते. वार्षिक पर्जन्यमान जेमतेम १०० मिलिमीटरच्या आसपास असते. रुजण्यापासून बी धरण्यापर्यंतचे जीवनचक्र एकाच हंगामात पूर्ण करणारी फुलझाडे अशा हवामानात सोयीची ठरतात.

या फुलझाडांचे दोन गट पडतात. कॅलेंड्युला, लार्कस्पर, पॅन्सी आणि स्वीट पी हलके दहिवर सोसतात. जमीन मोकळी होताच त्यांचे बी थेट वाफ्यात पेरता येते. झेंडू, कॉसमॉस, झिनिया आणि पिटुनिया यांना मात्र एका रात्रीचे हिमतुषारही मारक ठरतात. त्यांची रोपे सहा ते आठ आठवडे आधी हरितगृहात किंवा काचेआड वाढवतात आणि आठवडाभर बाहेरच्या हवेची सवय लावून मगच लावतात.

वाणाची निवडही निर्णायक असते. जूनमध्ये लेहमधील दिवस १४ तासांहून मोठा असतो. लार्कस्पर आणि पिटुनियाला तो मानवतो. आफ्रिकन झेंडू आणि कॉसमॉसचे उशिरा फुलणारे वाण मात्र दिवस लहान होण्याची वाट पाहतात आणि कळ्या धरेपर्यंत थंडी येऊन ठेपते. म्हणून फ्रेंच झेंडू व लवकर फुलणारे वाण अधिक भरवशाचे मानले जातात.

खरी अडचण पाण्याची आहे. बागा वितळत्या बर्फाच्या पाण्यावर अवलंबून असतात. परंतु उंचावरील हिमनद्यांचे पाणी उन्हाळा चढल्यावरच पुरेसे वाहू लागते. लागवडीच्या ऐन वेळी, एप्रिल-मेमध्ये, टंचाई जाणवते. त्याच सुमारास जवाच्या शेतांनाही पाणी लागते. गावोगावी ‘चुरपोन’ नावाचा पाणीवाटप पाहणारा कालव्यांतील पाण्याच्या पाळ्या ठरवतो. वसंतातील हीच तूट भरून काढण्यासाठी अभियंते चेवांग नोर्फेल यांनी कृत्रिम हिमनद्यांचा, तर सोनम वांगचुक यांनी ‘हिमस्तूपां’चा प्रयोग केला.

महाराष्ट्रात पॅन्सी, लार्कस्पर आणि स्वीट पी हिवाळ्यात फुलतात. लडाखमध्ये तीच फुले उन्हाळ्याची शोभा ठरतात. सुकलेली फुले वेळच्या वेळी खुडल्यास बहर लांबतो. पुढील वर्षाचे बी हवे असल्यास मात्र हंगामातील पहिली काही फुले झाडावरच पिकू द्यावी लागतात. शेवटच्या फुलांना थंडी तेवढी सवड देत नाही.