इंग्रजी शब्दांची कसोटी आणि सीमाभागातील विद्यार्थी

मुंबई विद्यापीठाने १८५९ साली पहिली प्रवेशपरीक्षा घेतली, तेव्हा १३२ उमेदवारांपैकी अवघे २२ उत्तीर्ण झाले. बेळगाव जिल्हा मुंबई इलाख्यात असल्यामुळे पुढे कित्येक पिढ्या येथील विद्यार्थीही त्याच मापाने मोजला गेला. शब्दज्ञान तेव्हा बहुधा भाषांतर व निबंध यांतूनच अजमावले जाई. तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर वाढलेल्या त्या पिढ्यांची हेटाळणी करण्याची आज रूढी पडली आहे. आम्ही तीत सामील नाही.

शब्दांची पद्धतशीर मोजदाद झाली ती विसाव्या शतकात. ढाक्यास अध्यापन केलेल्या मायकेल वेस्ट यांची सुमारे दोन हजार शब्दांची यादी १९५३ साली निघाली. न्यूझीलंडमध्ये पॉल नेशन यांनी १९८३ साली शब्दांशी अर्थ जुळवण्याची कसोटी मांडली, आणि तेथेच २००० साली ॲव्हरिल कॉक्सहेड यांनी विद्याभ्यासाच्या ग्रंथांत वारंवार येणारी ५७० शब्दकुले निवडली. त्यांत घोडा, विहीर, नांगर नाहीत. पुरावा, गृहीत धरणे, अनुमान काढणे हे आहेत. त्यांतील बहुसंख्य शब्द लॅटिन व ग्रीक कुळांतले. फ्रेंच मुलाला ते घरचेच वाटतात.

आमच्या मुलाचे तसे नाही. १ नोव्हेंबर १९५६ रोजी बेळगाव-निपाणी म्हैसूर राज्यात गेली. येथील मराठी शाळेतला विद्यार्थी शास्त्र मराठीतून शिकतो, कानडीही शिकतो, आणि महाविद्यालयात पाऊल टाकताच या शब्दांपुढे उभा राहतो. आधार एकच: संस्कृतातून आलेले पारिभाषिक शब्द. 'परिणाम' मराठीत आणि कानडीत जवळपास एकच. परंतु हा आधार दगाही देतो.

एकदा आम्ही वर्गात असे काही इंग्रजी शब्द देऊन मराठीत अर्थ लिहावयास सांगितले. 'इन्फरन्स'पुढे एका हुशार मुलाने लिहिले, 'संशय'. आम्ही तांबडी रेघ ओढून मोकळे झालो. दुसऱ्या दिवशी बोलावून विचारले, तेव्हा तो म्हणाला, "सर, कोशात 'अनुमान' दिलंय." त्याच्या आईची बोली कानडी, आणि कानडीत अनुमान म्हणजे संशय! इंग्रजी शब्द त्याने चोख पाठ केला होता. घोटाळा झाला तो मराठी आणि कानडी यांच्यामध्ये. नुसत्या जोड्या जुळवावयास दिल्या असत्या, तर 'अनुमान' निवडून त्याने पूर्ण गुण मिळवले असते आणि आम्ही समाधानाने पुढे गेलो असतो.

गुण आम्ही परत दिले नाहीत. मात्र त्यानंतर प्रत्येक शब्दाखाली शास्त्राच्या पुस्तकातील एक वाक्य देतो, आणि त्या वाक्याचा अर्थ विचारतो.