दोषसंकेत, मोटार-इंजिनाचे

मोटारीच्या इंजिनावर देखरेख ठेवणाऱ्या संगणकाला, म्हणजे ईसीएमला, एखादे मोजमाप मर्यादेबाहेर गेलेले आढळले की तो स्मृतीत जी पाच स्थानांची खूण नोंदवतो, तो दोषसंकेत. गॅरेजच्या बोलीत नुसता ‘कोड’. अमेरिकेत १९९६ पासून सर्व नव्या मोटारींना एकसमान कोड लागू झाले. भारतात भारत स्टेज ४ बरोबर १ एप्रिल २०१० पासून ही देखरेख आली आणि १ एप्रिल २०१३ पासून अधिक कडक झाली. स्टिअरिंगखालच्या सोळा पिनांच्या सॉकेटला स्कॅनर लावून कोड वाचतात. सुरुवातीचा ‘पी’ इंजिन किंवा गिअरबॉक्स दाखवतो. त्यापुढचे शून्य असेल तर अर्थ सर्व कंपन्यांत सारखाच. कोड म्हणजे खराब झालेल्या भागाचे नाव, ही समजूत सर्रास आढळते आणि ती खर्चिक आहे. कोणती चाचणी नापास झाली एवढेच कोड सांगतो. भाग शोधायचे काम त्यानंतर सुरू होते.

पी०१७१ घ्या. मिश्रणात पेट्रोल कमी, असा त्याचा अर्थ. पेट्रोलच्या एका भागाला वजनाने सुमारे १४.७ भाग हवा लागते. सायलेन्सरकडे जाणाऱ्या धुरात ऑक्सिजन जास्त दिसला की ईसीएम पेट्रोल वाढवत जातो आणि वाढवायची मर्यादा संपली की डॅशबोर्डवरचा इंजिनाचा दिवा लावतो. ही बातमी ऑक्सिजन सेन्सरने दिलेली असते म्हणून तोच बदलला जातो. वास्तविक त्याने आपले काम चोख केलेले असते. दोष चिरलेल्या व्हॅक्यूम पाइपात, मळलेल्या हवामापक सेन्सरमध्ये किंवा दमलेल्या पेट्रोलपंपात असू शकतो. स्कॅनरवर पेट्रोलच्या दुरुस्तीची टक्केवारी आधी आयडलला आणि मग मिनिटाला २५०० फेऱ्यांवर पाहावी. आयडलला जास्त आणि रेस दिल्यावर कमी होत असेल, तर बहुधा हवा चोरवाटेने शिरते आहे. रेसबरोबर वाढत असेल, तर पंप किंवा फिल्टर तपासावा. अनेक छोट्या गाड्यांत मात्र हवा मोजायला दाबमापक मॅप सेन्सर असतो. तिथे चोरवाटेची हवाही मोजली जाते, म्हणून आयडल चढते पण हा कोड येईलच असे नाही. अशा ठिकाणी पाठ केलेला तक्ता फसवतो.

यावर एक आक्षेप असा की उमरेड–नागभीड रस्त्यावरच्या भिवापूरसारख्या तालुक्याच्या गावी एवढी तपासणी परवडत नाही; गिऱ्हाइकाला संध्याकाळपर्यंत गाडी हवी असते. पण सुटा भाग नागपूरहून मागवावा लागत असेल, तर चुकीचा भाग दुप्पट महाग पडतो, आणि इलेक्ट्रिकल भाग दुकानदार सहसा परत घेत नाही. वरच्या तपासणीला चालू आकडे दाखवणारा साधा स्कॅनर आणि मल्टिमीटर पुरतो. पी०३०१, म्हणजे पहिल्या सिलिंडरचे मिसिंग (मिश्रण नीट न पेटणे), याला तर नवा भागही लागत नाही: प्रत्येक सिलिंडरला स्वतंत्र कॉइल असेल तर पहिल्याची कॉइल दुसऱ्यावर बसवावी, कोड पी०३०२ झाला तर कॉइल खराब, तोच राहिला तर प्लग, इंजेक्टर आणि कॉम्प्रेशन पाहावे. दुसरा आक्षेप जुन्या मिस्त्र्यांचा: इंजिनाच्या आवाजावरूनच कळते. मिसिंग आवाजावरून कळते, हे खरेच. मात्र ईसीएम पेट्रोल वाढवून दोष झाकत असतो, त्या काळात आवाज बराचसा साफ राहतो. म्हणून कान आणि स्कॅनर दोन्ही लागतात.

काही वेळा कोड खरा असतो आणि भागही शाबूत असतो. भारत स्टेज ६ च्या डिझेल गाड्यांत काजळी अडवणारी जाळी सुमारे ६०० अंश सेल्सियसला काजळी जाळून स्वतःला साफ करते. गाव ते बाजार एवढ्याच फेऱ्या होत असतील तर हे तापमान टिकत नाही, काजळी साठते आणि पी२४६३ उमटतो. जाळी फार भरलेली नसेल तर हमरस्त्यावर सलग फेरी किंवा स्कॅनरवरून सुरू केलेली हीच सफाई, म्हणजे रीजनरेशन, हा उपाय. जाळी कापून टाकणे बेकायदेशीर आहे. कोणताही कोड उडवण्यापूर्वी त्यासोबतची फ्रीज फ्रेम, म्हणजे दोष उमटला तेव्हाचा वेग, तापमान आणि भार, लिहून घ्यावी. बॅटरीची तार काढून दिवा विझवला तर हा पुरावाही बहुधा पुसला जातो.