वाळूतली ऊब

डिसेंबरातली रात्र. जेवणं आटोपून तुम्ही शाल लपेटता आणि रायपूरच्या बूढापाऱ्यातल्या मावशीच्या घरातून पाय मोकळे करायला बाहेर पडता. बूढा तालाबाचं पाणी काळंभोर दिसतंय, मधोमध विवेकानंदांचा पुतळा. एका बंद दुकानाच्या शटरखाली एक बाई दोन पोरांना कुशीत घेऊन पडली आहे. अंगाखाली रिकामी पोती. धाकटं कुरकुरतं, "जाड़ लागथे, दाई." थंडी वाजतेय म्हणतं ते. तुम्ही दोन पावलं पुढे जाता, थांबता, आणि नजर चुकवून पाण्याकडे पाहता.

पाण्यात पुतळा नाही. काठावरचे दिवे विझलेत.

१८७७ साल. जवळच्याच एका घरात कलकत्त्याहून आलेला चौदा वर्षांचा नरेंद्र आहे. त्याचा विवेकानंद व्हायला अजून अवकाश आहे. त्याच्या खिडकीत उजेड दिसतो, घरातल्यांचे आवाज येतात. दाराशी रेंगाळावंसं वाटतं, पण तुम्हाला वायव्येला जायचंय, त्याच सुमाराच्या एका कडक हिवाळ्यात, पंजाबातल्या झेलम नदीच्या काठी.

तिथे विशीच्या आतली एक मुलगी आणि तिचा भाऊ वाळू उकरत आहेत, हातांनी. एकेका माणसापुरते दोन खड्डे होतात, थेट थडग्यासारखे. ती एकात उतरते, गळ्यापर्यंत कोरडी वाळू अंगावर ओढून घेते. डोकं तेवढं बाहेर. तुम्ही वाकून बोटं खुपसता. वरची वाळू बर्फासारखी गार, वीतभर खाली थोडीशी ऊब. पांघरूण नाही, छप्पर नाही. हिच्या मुखी हजारो श्लोक आहेत. वडील अनंतशास्त्री डोंगरे आणि आई लक्ष्मीबाई १८७४च्या दुष्काळात उपासमारीनं गेली. थोरली बहीणही पाठोपाठ गेली. देवळात पुराण सांगून पोट भरणाऱ्या या घराण्यात हात पसरणं कमीपणाचं, मजुरी त्याहून. भूक तरीही आलीच. भावाचं नाव श्रीनिवास. मुलीचं रमा.

पंडिता रमाबाई म्हटलं की आपल्याला कलकत्त्यात मिळालेली 'सरस्वती' पदवी आठवते, शारदासदन आठवतं, धर्मांतराचा वाद आठवतो. मला आधी हा खड्डा आठवतो. १८८३ साली इंग्लंडात वाँटेजला तिनं बाप्तिस्मा घेतला. परक्याला दिलेला आसरा ख्रिस्त स्वतःला मिळाला असं मानतो, हे तिला शुभवर्तमानात वाचायला मिळालं. पण त्या परक्याची हाडं गोठणं काय असतं, ते तिला झेलमच्या काठानं आधीच शिकवलं होतं.

आता १८९७. तुम्ही पुन्हा मध्य प्रांतात आहात. पाऊस दगा देऊन गेला आहे. रायपूर जिल्ह्यात ऑस्कर लोर या जर्मन मिशनऱ्यानं १८६८ साली वसवलेलं बिश्रामपूर आहे, विसाव्याचं गाव. पण विसाव्याची गरज असलेली माणसं साऱ्या प्रांतात रस्तोरस्ती पडली आहेत. तुम्ही पश्चिमेला नर्मदेच्या खोऱ्यात पोहोचता. तिथं सरकारी 'गरीबखाना' आहे म्हणतात. जाऊन पाहता तर घर कसलं, गावाबाहेरची झाडी. राखेत, घाणीत, चिंध्यांत माणसं बसलेली, आडवी झालेली. त्यांच्यामधून पांढऱ्या साडीतली एक बाई चालली आहे. वय अडतीस, ऐकायला कमी येतं, म्हणून मुलींच्या तोंडाजवळ कान नेते. वीसेक वर्षांपूर्वीचा आपला दुष्काळ तिला आठवतो आहे. आणि तिच्या लक्षात येतं की इथल्या एकट्या पोरींना भुकेइतकीच भीती त्यांना फूस लावून नेणाऱ्यांची आहे.

इथे वाटीभर धान्य देऊन परतता आलं असतं. रमाबाई मुलींना बरोबर घेऊन निघतात. त्या दुष्काळात अशा सुमारे तीनशे जणी त्यांनी आणल्या.

पुण्यात मात्र प्लेग आहे, शारदासदनात माणसं वाढवायला मनाई. म्हणून केडगाव. सोलापूरच्या रेल्वेमार्गावरची उजाड जमीन, आणि तिला नाव 'मुक्ती'. तुम्ही त्या मुलींबरोबर उतरता. डोक्यात उवा, अंगावर फोड, आणि उद्या खायला मिळेल यावर विश्वास नाही. एक पोर अर्धी भाकरी साडीच्या टोकात बांधून ठेवते. कुणी ती सोडवून घेत नाही. पुढे इथे विहिरी होतील, माग येतील, छापखाना चालेल. म्हाताऱ्यांसाठी प्रीतिसदन, समाजानं टाकलेल्या मुलींसाठी कृपासदन. पुष्कळ मुलींनी इथं ख्रिस्ती धर्म घेतला, आणि त्यावरून झालेली टीका सगळीच वावगी होती असं मी म्हणणार नाही. उपाशी पोरीच्या होकाराला मोकळीक किती, हा प्रश्न खराच आहे. पण त्या झाडीतून या मुलींना घरी न्यायला दुसरं कोण आलं होतं, हाही प्रश्न मला सोडत नाही. आज रात्री ती पोर भिंतीच्या आत झोपली आहे. गाठ मुठीत घट्ट आहे.

"जाड़ लागथे."

पुतळा पाण्यावर परत आला आहे. तुम्ही मावशीच्या घरी येता, कपाटातली गोधडी काढता. कुठं चाललीस एवढ्या रात्री, मावशी आतून विचारते. आलेच, म्हणता.

बाई दचकून उठून बसते. हातात काय आहे ते पाहते, मग तुमच्याकडे पाहते. गोधडी दोन्ही पोरांवर घालते, पण ती आखूड पडते, धाकट्याचा पाय बाहेर राहतो. "घरी अजून एक आहे," तुम्ही म्हणता, "आणते मी." आणि गाव कोणतं, विचारता. ती लगेच उत्तर देत नाही. जरा सरकते आणि पोत्याचं अर्धं टोक हातानं झटकून तुम्हाला बसायला जागा करते.