हिंगण्याची वाटचाल

पुण्याजवळ माणच्या शिवारात आयटी पार्कचा तिसरा टप्पा उभा राहिला आणि इथे कामाला येणाऱ्या मुलींची संख्या वर्षागणिक वाढत गेली. वारजे, चांदणी चौक करत कर्वेनगराकडून येणाऱ्या इंजिनीअर मुलींत कमिन्स कॉलेजच्या मुली हमखास भेटतात. मुलींचं हे इंजिनीअरिंग कॉलेज १९९१ सालचं. ते चालवणाऱ्या महर्षी कर्वे स्त्री शिक्षण संस्थेचं मूळ मात्र १८९६ सालात आहे आणि ते विधवांच्या आश्रमात आहे.

महर्षी धोंडो केशव कर्वे, म्हणजेच अण्णा, फर्ग्युसन कॉलेजात गणित शिकवत. १८९३ मध्ये त्यांनी गोदूबाई या विधवेशी पुनर्विवाह केला. पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनात शिकलेल्या गोदूबाई पुढे आनंदीबाई झाल्या आणि सगळ्यांच्या 'बाया'. या लग्नापायी मुरूडला, अण्णांच्या गावी, त्यांच्यावर बहिष्कार पडला. पुनर्विवाहाला सगळ्याच विधवा तयार होणार नाहीत, पण शिकून स्वतःच्या पायावर उभं राहणं प्रत्येकीला हवं, हे अण्णांनी ओळखलं. म्हणून १८९६ मध्ये अनाथ बालिकाश्रम मंडळी स्थापन झाली. आश्रमाचं काम पुनर्विवाहाच्या चळवळीपासून त्यांनी कटाक्षाने वेगळं ठेवलं. कोणाला हे पाऊल मागे घेतल्यासारखं वाटेल. पण त्यामुळेच भेदरलेल्या घरांनी आपल्या लेकी-सुना तिथे पाठवल्या, असं मला वाटतं.

पुण्यात प्लेगने थैमान घातलं. रावबहादूर गणेश गोविंद गोखले यांनी हिंगण्याला, म्हणजे आजच्या कर्वेनगरात, सहा एकर जमीन दिली आणि १९०० साली आश्रम तिकडे हलला. तेव्हा तिथे माळरान होतं. वस्ती नाही, रस्ता नाही, आणि निवारा म्हणून एक झोपडी. अण्णा दिवसभर कॉलेजात शिकवत आणि संध्याकाळी सामानसुमान घेऊन चार मैल चालत हिंगण्याला जात. पावसाळ्यात वाटेत गुडघाभर चिखल असे. रात्री मुलींना शिकवायचं, मुक्काम तिथेच, आणि सकाळी पुन्हा पुण्याला. आयुर्विम्याची पॉलिसीही त्यांनी आश्रमाच्या नावे करून दिली. घरी पोरंबाळं असताना! त्या ओढाताणीत संसार सांभाळणाऱ्या बायांचा वाटा या संस्थेच्या इतिहासात अण्णांइतकाच मोठा मानायला हवा.

बायांच्या धाकट्या बहिणीचा, पार्वतीबाई आठवल्यांचाही तसाच. ऐन विशीत वैधव्य आलं, केशवपन झालं, अक्षरओळखही नव्हती. त्या आश्रमात शिकल्या, तिथेच राहिल्या आणि गावोगाव फिरून आश्रमासाठी वर्गणी गोळा करू लागल्या. १९१२ मध्ये त्यांनी केशवपन सोडलं. १९१८ मध्ये, इंग्रजी जेमतेम येत असताना, त्या एकट्या अमेरिकेला गेल्या. तिथे लोकांच्या घरी घरकाम करून राहिल्या, भाषा शिकल्या आणि संस्थेसाठी पैसे उभे केले. 'माझी कहाणी' या आत्मचरित्रात त्यांनी हे सारं लिहिलं आहे. मुलींच्या हाती हे पुस्तक आवर्जून द्यावं.

दरम्यान १९०७ मध्ये महिला विद्यालय निघालं, म्हणजे विधवांबरोबर कुमारिकांनाही दार उघडलं. पुढच्या वर्षी निष्काम कर्म मठ. निर्वाहापुरतं घेऊन संस्थेला वाहून घेणारी माणसं त्यातून मिळाली. जपानमधल्या महिला विद्यापीठाची माहिती वाचून अण्णांनी १९१६ मध्ये महिला विद्यापीठ सुरू केलं, तेही मातृभाषेतून शिकवणारं. पहिल्या वर्गात जेमतेम पाच मुली होत्या. १९२० मध्ये सर विठ्ठलदास ठाकरसी यांनी पंधरा लाखांची देणगी दिली आणि विद्यापीठाला त्यांच्या मातोश्रींचं, श्रीमती नाथीबाईंचं नाव लागलं. बायकांचा अभ्यासक्रम निराळा असावा ही त्यामागची कल्पना मला आजही पटत नाही. मुलींना गणित, विज्ञान पुरेपूर मिळायलाच हवं होतं. पण सरकारी मान्यतेची वाट न पाहता मराठीतून पदवी देण्याची अण्णांची हिंमत मोठीच.

हिंगण्याचा आश्रम बराच काळ मुख्यतः ब्राह्मण घरांतल्या मुलींचाच राहिला, ही त्याची मर्यादा होती. अण्णा स्वतः मात्र तिथे थांबले नाहीत. १९३६ मध्ये, वयाच्या अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी, त्यांनी महाराष्ट्र ग्राम प्राथमिक शिक्षण मंडळ काढलं. ज्या खेड्यांत शाळाच नाही तिथे ती उघडायची, यासाठी स्वतःच्या तुटपुंज्या पेन्शनमधून त्यांनी सुरुवात केली आणि मग पुण्यात दारोदार फिरून वर्गणी मागितली. कोणी आणे दिले तरी ते घेत. १९४४ मध्ये जातिभेदाविरुद्ध समता संघ काढला, तेव्हा ते शहाऐंशी वर्षांचे होते. पुढे, शंभरी गाठली त्या वर्षी, १९५८ मध्ये, त्यांना भारतरत्न मिळालं.