रोल गेला, कॅमेरा घरात आला

आज कॅमेऱ्याबद्दल बोलू या. दिवाळीच्या ऑर्डरी जवळ आल्या की आमच्याकडे गटागटांतून एकच प्रश्न येतो. घरातल्या लेकराबाळांचे फोटो निघतील आणि पापड, मसाले, गोधड्या ऑनलाइन विकायलाही चालेल, असा स्वस्तातला कॅमेरा कोणता घ्यावा? उत्तर देण्याआधी कॅमेरा स्वस्त कसा होत गेला ते आपण पाहू. कारण तो जेव्हा जेव्हा स्वस्त झाला, तेव्हा खर्च दुसऱ्याच जागी जाऊन बसला. ती जागा ओळखता आली, की दुकानात काय विचारायचं ते कळतं.

फोटो काढण्याची रीत १८३९ साली पॅरिसमध्ये जाहीर झाली आणि थोड्याच काळात आपल्या देशात पोचली. १८५४ साली मुंबईत फोटोग्राफीची सोसायटी निघाली. तिच्यात गोरे साहेब होते, तसे डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी यांच्यासारखे आपले लोकही होते. पण काचेच्या तावदानांवर औषधं लावून फोटो घ्यायचा, अंधाऱ्या खोलीत तो धुवायचा, हा पैसेवाल्यांचाच छंद. बायकांची अडचण आणखी वेगळी. पडद्यातल्या बाईनं परक्या पुरुषासमोर बसायचं कसं? म्हणून १८९२ साली राजा दीनदयाळ यांनी हैदराबादेत खास बायकांसाठी जनाना स्टुडिओ काढला. तिथे फोटो काढणाऱ्याही बायकाच होत्या. सोय झाली, पण ती बड्या घरांची.

तिकडे अमेरिकेत जॉर्ज ईस्टमन यांनी १८८८ साली कोडॅक कॅमेरा आणला. किंमत २५ डॉलर, आत १०० फोटोंचा रोल. रोल संपला की अख्खा कॅमेरा कारखान्यात पाठवायचा, १० डॉलर भरायचे, मग धुतलेले फोटो आणि नवा रोल भरलेला कॅमेरा परत यायचा. १९०० साली त्यांनीच ब्राउनी नावाचा खोक्यासारखा कॅमेरा काढला, फक्त एका डॉलरला! पण सहा फोटोंचा रोल १५ सेंटला, आणि धुण्याचे पैसे वेगळे. कॅमेरा एकदाच घ्यायचा, रोल मात्र जन्मभर घेत राहायचा. कंपनीची खरी कमाई त्या रोलमध्ये होती.

आपल्याकडे मध्यमवर्गीय घरांत बडोद्याला बनणारा आग्फा क्लिक थ्री आला. त्यात ऊन आहे की ढग, एवढंच ठरवायचं असे. एका रोलवर बारा फोटो. बाराच म्हटल्यावर काटकसर आली. लग्न, बारसं, मुंज, मुलाचा पदवीचा झगा यांना फोटो मिळाला. चुलीपुढच्या बाईवर रोल कोण वाया घालवणार? खेड्यात तर कॅमेरा तालुक्याच्या स्टुडिओतच असायचा. १९९३ साली फोटो असलेलं मतदार ओळखपत्र द्यायचं ठरलं, आणि आमच्या गटांतल्या कितीतरी म्हाताऱ्यांचा आयुष्यातला पहिला फोटो त्या कार्डावरचा आहे. पुढे आजी गेल्यावर तोच कार्डावरचा फोटो मोठा करून भिंतीवर लावलेला आम्ही घरोघर पाहिला आहे. नातवंडांना आजी आठवते ती तशी, डोळे विस्फारलेली, घाबरलेली.

कॅमेरा हाती आला तरी नाव हाती येतंच असं नाही. होमाई व्यारावाला या आपल्या देशातल्या पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार. जन्म १९१३, नवसारीचा. शिक्षण मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये. स्वातंत्र्याच्या काळातले मोठे प्रसंग त्यांनी टिपले. पण सुरुवातीचे त्यांचे फोटो छापून आले ते पती माणेकशा यांच्या नावावर. २०११ साली त्यांना पद्मविभूषण मिळालं.

आता डिजिटलकडे येऊ. १९७५ साली कोडॅकमधल्याच स्टीव्हन सॅसन या तरुण अभियंत्यानं रोल नसलेला कॅमेरा जुळवला. वजन साडेतीन किलोच्या वर, चित्र काळंपांढरं, दहा हजार ठिपक्यांचं. एक फोटो कॅसेटवर उतरायला २३ सेकंद लागत. ज्या कंपनीचं पोट रोलवर भरत होतं, तिला या बाळाचं कौतुक कमीच. १९९५ साली कॅसिओ कंपनीच्या कॅमेऱ्याला पाठीमागे छोटा पडदा आला, काढलेला फोटो तिथल्या तिथे दिसू लागला. २००० साली जपानमध्ये शार्प कंपनीचा कॅमेरावाला मोबाइल आला. २०१२ च्या जानेवारीत कोडॅकनं दिवाळखोरीचा अर्ज केला. २०१० साली जगभरात १२ कोटींवर डिजिटल कॅमेरे कारखान्यांतून बाहेर पडले होते. २०२० साली तो आकडा एक कोटीच्याही खाली आला. फोटो मोबाइलनं घेतला.

मैत्रिणींनो, रोलचा खर्च गेला. मग आता खर्च कुठे बसलाय? आमच्या मते तो तीन ठिकाणी बसलाय.

पहिली जागा मेगापिक्सेलच्या आकड्यात. एक मेगापिक्सेल म्हणजे दहा लाख ठिपके. चार बाय सहा इंचांचा चांगला छापील फोटो सुमारे २२ लाख ठिपक्यांत होतो. म्हणजे घरच्या अल्बमला आणि ऑनलाइन विक्रीला पाच मेगापिक्सेलही पुरतात. महत्त्वाचा असतो तो आतला सेन्सर, म्हणजे उजेड झेलणारा तुकडा. पावसात पागोळ्यांखाली भांडी मांडतो ना, तसंच. जागा तेवढीच ठेवून वाट्या वाढवल्या, तर प्रत्येकीत पाणी कमी पडतं. म्हणून लहान सेन्सरवरचे खूप मेगापिक्सेल संध्याकाळी घरात खरखरीत फोटो देतात. अगदी स्वस्त नवा कॅमेरा पुष्कळदा तुमच्या हातातल्या बऱ्या मोबाइलपेक्षा सरस नसतो. झूम हवा असेल तर भिंग पुढेमागे होणारा ऑप्टिकल झूम पाहा. डिजिटल झूम म्हणजे फोटो नुसता कापून मोठा केलेला.

दुसरी जागा जुन्या कॅमेऱ्याच्या सुट्या भागांत. हातातला वापरलेला कॅमेरा स्वस्त मिळतो, पण त्याची बॅटरी अजून मिळते का? चार्जर सोबत आहे का? मेमरी कार्ड कोणतं? काही जुन्या कॅमेऱ्यांची कार्डं आता सहजी मिळत नाहीत. दुकानातच दहा फोटो काढून पाहा. भिंगावर बुरशी आहे का, तेही बघा.

तिसरी जागा परत आलेल्या पार्सलमध्ये. फोटोत गोधडी तांबडी दिसली आणि गिऱ्हाइकाच्या हातात किरमिजी पडली, की माल परत आणि येण्याजाण्याचा भुर्दंड आपल्या माथी. यावर महागडा कॅमेरा हा उपाय नाही. सकाळी दाराजवळच्या सावलीत, पांढऱ्या चादरीवर माल मांडा. घरातला दिवा आणि फ्लॅश दोन्ही बंद ठेवा, कारण दिव्याचा आणि बाहेरचा उजेड मिसळला की रंग फसतो. बारीक टाके किंवा पापडाची जाडी दाखवायची असेल तर फुलाचं चिन्ह असलेली जवळच्या फोटोची सोय वापरा. हात हलत असेल तर डब्यावर टेकवा.

म्हणून आमचा सल्ला असा. बरा मोबाइल घरात असेल तर आधी महिनाभर अशा उजेडात फोटो काढून पाहा. तरीही माल नीट दिसत नसेल, तर ऑप्टिकल झूमचा साधा कॅमेरा गटानं मिळून घ्यावा. मासिक सभेत ठराव करा, वहीत नोंद ठेवा, आठवड्याची पाळी लावा. मोबाइल घरच्या पुरुषाच्या खिशात आणि विक्री बाईच्या नावावर, असं चित्र आम्हाला बऱ्याच गावांत दिसतं. गटाचा कॅमेरा बाईच्या हातात राहतो, हा त्याचा मोठा फायदा.

आणि पाळी आली की पापडांसोबत घरचेही फोटो काढा. सासूबाई निवांत हसत बसल्या असतील तेव्हा काढा. कॅमेऱ्यात दहा सेकंदांचं घड्याळ असतं, ते लावून स्वतःही त्यांच्याशेजारी जाऊन बसा. फोटो दोन ठिकाणी साठवा, आणि वर्षाकाठी पाच-सात तरी छापून घ्या. पुढच्या सभेला येताना त्यातला एक घेऊन या, आम्ही वाट पाहतो.