अर्भकाचा मृत्यु आणि घरची साक्ष

एखाद्या घरांत तान्हें मूल अकस्मात् दगावलें, म्हणजे न्यायाधीशापुढें मोठा कठीण प्रश्न उभा राहतो. मूल कांहीं सांगूं शकत नाहीं. त्याच्या देहावरहि पुष्कळदां कसलीच खूण नसते. मग तपासणाराची दृष्टि देहावरून घराकडे वळते: आई कोण, कोणत्या स्थितींतली, घरांत कमावतें कोण? ही दृष्टि अवश्य आहे. परंतु ती दुधारी आहे, हें इंग्लंडच्या इतिहासावरून चांगलें दिसून येतें.

१६२४ सालीं तेथें असा कायदा झाला, कीं अविवाहित स्त्रीनें आपल्या अपत्याचा मृत्यु लपविला तर तिनें खूनच केला असें धरावें. मूल मृत जन्मलें हें तिनें निदान एका साक्षीदाराकरवीं सिद्ध करावें. जी गोष्ट एकांतांत घडली तिला साक्षीदार आणावा कोठून? विवाहितेस हा कायदा लागू नव्हता. म्हणजे कुटुंबाचा आधार नसणें हाच जणूं पुरावा! अठराव्या शतकांत मात्र ज्यूरीचें मन द्रवूं लागलें. स्त्रीनें बाळासाठीं आधींच कपडे करून ठेवले होते असें दिसलें, तर जन्म लपविण्याचा तिचा हेतु नव्हता असें मानण्यांत येई. आमच्याकडील शब्दांत सांगावयाचें तर बाळंतविडाच तिचा साक्षीदार झाला.

मृत मुलाचें फुप्फुस पाण्यांत तरंगलें तर तें जिवंत जन्मलें, ही परीक्षाहि तेव्हां प्रचारांत होती. प्रख्यात प्रसूतिवैद्य विल्यम हंटर यांचा एक निबंध त्यांच्या मृत्यूनंतर १७८३ सालीं वाचण्यांत आला. देह कुजल्यानेंहि फुप्फुसांत वायु भरतो, आणि श्वास घेतलेलें मूलहि प्रसूति पुरी होण्यापूर्वीं मरूं शकतें, असें त्यांनीं दाखविलें. जन्म लपविण्याच्या मुळाशीं बहुधा क्रौर्य नसून लज्जा असते, हेंहि त्यांनीं निक्षून सांगितलें. १८०३ सालीं तो जुना कायदा रद्द झाला. पुण्यांत जोतीराव फुले यांनीं १८६३ सालीं बालहत्या प्रतिबंधक गृह काढून विधवांस गुप्तपणें प्रसूत होण्याची सोय केली, तीहि याच लज्जेचें मूळ ओळखून.

परंतु घरच्या परिस्थितीचा दुरुपयोग एवढ्यानें संपला नाहीं. १९९९ सालीं सॅली क्लार्क या इंग्रज वकील स्त्रीला आपल्या दोन तान्ह्या मुलांच्या खुनाबद्दल जन्मठेप झाली. ज्या घरांत कोणी धूम्रपान करीत नाहीं, कमावतें माणूस आहे आणि आईचें वय अगदीं कोवळें नाहीं, तेथें असा आकस्मिक मृत्यु ८,५४३ मध्यें एक, असा आंकडा एका नामांकित बालरोगतज्ज्ञानें न्यायालयांत सांगितला. त्याचा वर्ग करून दोन मृत्यूंची शक्यता सुमारें ७ कोटि ३० लाखांत एक ठरविली गेली. पूर्वीं दैन्य स्त्रीच्या विरुद्ध जाई. येथें सुस्थितीच तिच्या मुळावर आली!

या गणितांत दोन दोष होते. एकाच घरचीं दोन भावंडें एकच रक्त आणि एकच निवारा घेऊन येतात. म्हणून एकाचा मृत्यु दुसऱ्यापासून सर्वस्वी स्वतंत्र मानतां येत नाहीं. शिवाय आईनें दोन मुलें मारणें हेंहि अत्यंत दुर्मिळच; एका दुर्मिळ गोष्टीची तुलना दुसरीशीं न करतां निर्णय कसा द्यावा? २००१ सालीं रॉयल स्टॅटिस्टिकल सोसायटीनें या आंकड्याविरुद्ध जाहीर निषेध केला. दुसऱ्या बाळाच्या देहांत जंतु सांपडल्याचा अहवाल बचावपक्षास मिळालाच नव्हता, हेंहि उघड झालें. आणि २००३ सालीं ती स्त्री निर्दोष सुटली. २००७ सालीं ती वारली.

यानंतर २००४ सालीं हेलेना केनेडी यांच्या समितीनें अशा मृत्यूंच्या तपासांत पोलिसांबरोबर वैद्यकीय तज्ज्ञानेंहि घरीं जावें अशी शिफारस केली. बाळ कसें निजविलें होतें, अंथरूण कसें होतें, आधीं आजार होता काय, हें प्रत्यक्ष पाहावें व विचारावें, हाच त्यांतील हेतु. आमच्या मतें घरच्या साक्षीचा खरा उपयोग येथेंच आहे. घर तपासणाराला काय विचारावें तें शिकवितें. उत्तर मात्र पुराव्यांतूनच निघालें पाहिजे.