पाडावे की सावरावे? नगररचनेतील एक जुना वाद

आमचा पांढरकवडा हा केळापूर तालुक्याचा मुख्य गाव. तालुक्यास नाव केळापूरचे आणि कचेरी मात्र पांढरकवड्यास, असा येथील जुना व्यवहार आहे. नागपुराहून हैदराबादेकडे जाणारा हमरस्ता आणि कापसाचा बाजार या दोहोंच्या आधाराने गाव वाढत गेला. अलीकडे चार शहाणी माणसे एकत्र जमली की बोलणे गावाच्या वाढीवर येऊन ठेपते. एक गृहस्थ म्हणतात, जुनी वस्ती मोडून सरळ व रुंद रस्ते काढल्यावाचून गावास ऊर्जितावस्था येणार नाही. दुसरे विचारतात, ज्यांची घरे मोडाल त्यांनी जावे कोठे? दोघांसही आपला प्रश्न अगदी नवा वाटतो. वस्तुतः तो शंभरांहून अधिक वर्षांचा आहे, आणि त्याची पहिली मोठी सुनावणी मुंबई शहरात झाली.

१८९६ च्या सप्टेंबर महिन्यात मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी ग्रंथिक सन्निपाताचा रोगी ओळखला. पुढे काय झाले हे महाराष्ट्रास सांगावयास नको. पुण्यातील १८९७ सालच्या हकीकती आपल्या घराघरांत सांगितल्या गेल्या आहेत. रोग घाणीतून, ओलसर जमिनीतून व कोंदट हवेतून उद्भवतो अशी त्या काळच्या पुष्कळ डॉक्टरांची व अधिकाऱ्यांची समजूत होती. म्हणून दाट वस्तीत उजेड व वारा खेळवावा, त्यासाठी चाळी पाडाव्यात आणि समुद्राकडील वारा शहरात आत येईल असे रस्ते काढावेत, या हेतूने १८९८ साली खास कायदा होऊन सिटी इंप्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. काळाचा विनोद असा की, त्याच १८९८ साली पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टराने कराचीत प्रयोग करून प्लेगचा प्रसार उंदरावरील पिसवेमार्फत होतो असे दाखविले. शास्त्रज्ञांनी ते मान्य करावयास आणखी काही वर्षे लागली. तोवर कुदळी चालू झाल्या होत्या.

ट्रस्टची पहिली योजना नागपाड्याची. पुढे प्रिन्सेस स्ट्रीट व सँडहर्स्ट रोड हे रस्ते दाट वस्ती कापून काढण्यात आले. ट्रस्टचे एक अध्यक्ष जे. पी. ऑर हे मोठे हिशेबी गृहस्थ. घराच्या खोलीत उजेड यावयाचा तर समोरच्या भिंतीची उंची मधल्या मोकळ्या जागेच्या दुपटीहून अधिक असू नये, असा नियम त्यांनी पुढे मांडला. साडेत्रेसष्ट अंशांचा कोन म्हणून तो प्रसिद्ध आहे. नियम उत्तमच होता. परंतु ज्या खोलीत उजेड आला त्या खोलीचे भाडेही वाढले, आणि जो मजूर अंधाऱ्या खोलीतून निघाला तो उजेडाच्या खोलीत न शिरता शेजारच्या दुसऱ्या अंधाऱ्या खोलीत शिरला. कामगाराने गोदी वा गिरणी सोडून फार दूर जाऊन राहावे कसे? एका गल्लीची गर्दी पुढच्या गल्लीत गेली, इतकेच पुष्कळ ठिकाणी झाले.

तथापि ट्रस्टास केवळ दोष देऊन मोकळे होणे न्यायाचे नव्हे. दादर, माटुंगा व शीव या बाजूस शेते व खाजणे होती तेथे त्याने आखीव वसाहती उठविल्या. दादरची हिंदू कॉलनी व पारशी कॉलनी ही त्याच आखणीची फळे. या मासिकाच्या वाचकांपैकी कित्येकांचे आजे-पणजे गिरगावातील दोन खोल्या सोडून तिकडे गेले असतील, आणि झाडांच्या सावलीतील त्या घरांविषयी त्यांच्या मुखातून कृतज्ञतेचे शब्द निघाले असतील. आपला मध्यम वर्ग या सुधारणेचा लाभार्थी आहे. ज्याची खोली पाडली तो निराळा आणि ज्यास कॉलनी मिळाली तो निराळा, एवढे मात्र विसरू नये. १९३३ साली ट्रस्ट मुंबईच्या म्युनिसिपालिटीत विलीन झाला.

या सरळ रेषेच्या पंथास विरोध करणारा जो मनुष्य हिंदुस्थानात आला, तो इंजिनियर नव्हता, वनस्पतिशास्त्रज्ञ होता. पॅट्रिक गेडिस हा १८५४ साली जन्मलेला स्कॉच विद्वान. त्याचे नगररचनेचे प्रदर्शन १९१४ साली बोटीने इकडे येत असता एम्डेन या जर्मन युद्धनौकेच्या तडाख्यात सापडून समुद्राच्या तळाशी गेले. त्याने खचून न जाता मित्रांकडून नवे नकाशे व चित्रे गोळा करविली आणि १९१५ च्या आरंभी मद्रासेस प्रदर्शन भरविले. मग गावोगाव हिंडून तो अहवाल लिहू लागला. त्याची रीत अशी की, नकाशा उघडण्यापूर्वी गावात पायी फिरावे. कोणते घर खरोखर पडावयास आले आहे, कोणती विहीर अद्याप चालते, कोणत्या वडाखाली माणसे बसतात, हे पाहावे. मग एखादे पडीक घर काढून तेथे चौक मोकळा करावा, एखादे वळण थोडे रुंदवावे, आणि बाकीचे राहू द्यावे. मोठ्या शस्त्रक्रियेपेक्षा जपून केलेली छोटी शस्त्रक्रिया बरी, आणि ती स्वस्तही पडते, असे तो हिशेबानिशी मांडी. डासांच्या भयाने तळी बुजवावयास निघालेल्यांस तो सांगे की तळ्यात मासे सोडा.

त्याची खरी परीक्षा झाली ती होळकरांच्या इंदुरात. १९१७ साली तेथे प्लेगचे भय होते, आणि हा परका साहेब नकाशा घेऊन हिंडताना पाहून लोक बिचकत. नकाशा म्हणजे घरावर नांगर, हे त्यांस अनुभवाने कळले होते. त्याच्या चरित्रकारांनी सांगितलेली हकीकत अशी की, गेडिसने तुकोजीराव महाराजांकडून एक दिवसाचे राजेपण मागून घेतले. त्याने दवंडी पिटविली की, यंदाच्या दिवाळीची मिरवणूक नेहमीच्या वाटेने न जाता, ज्या मार्गावरील घरे अधिक झाडलेली व दुरुस्त केलेली असतील त्या मार्गाने जाईल. झाले! गल्लोगल्ली केरसुण्या निघाल्या आणि गाड्याच्या गाड्या भरून केरकचरा बाहेर गेला. मिरवणुकीत लक्ष्मी होती तसा उंदीरही होता. शहर झाडणारे लोक नवी वस्त्रे नेसून, शिंगे रंगविलेल्या बैलांच्या गाड्यांसह चालले होते. शेवटी घाणीच्या राक्षसाचे व प्लेगच्या उंदराचे दहन झाले. त्या वर्षी प्लेग ओसरला त्याचे सर्व श्रेय मिरवणुकीस द्यावे इतका मी भाविक नाही. पण अस्पृश्य मानल्या गेलेल्या झाडूवाल्यांस त्या दिवशी राजमार्गावर मान मिळाला, ही गोष्ट मला प्लेगनिवारणाहून लहान वाटत नाही. गेडिसचा इंदूरविषयीचा अहवाल १९१८ साली दोन भागांत प्रसिद्ध झाला.

गेडिसच्या पक्षातही उणेपणा आहे. त्याचे पुष्कळ अहवाल कपाटात राहिले. शिवाय ‘जपून दुरुस्ती करू’ हे वचन आळशी कारभाऱ्यांच्या हाती सापडले म्हणजे ‘काहीच न करू’ असा त्याचा अर्थ होतो. १९१९ साली तो मुंबई विद्यापीठात समाजशास्त्राचा अध्यापक झाला. मालवणचे गोविंद सदाशिव घुर्ये त्याच्याच हाताखालून पुढे गेले व १९२४ साली त्या विभागाचे प्रमुख झाले.

आमचा वऱ्हाड त्या वेळी मध्यप्रांतास जोडलेला होता, त्यामुळे मुंबईचा १९१५ सालचा नगररचना कायदा आम्हांस लागू नव्हता. नागपुरास १९३६ च्या कायद्याने निराळा इंप्रूव्हमेंट ट्रस्ट मिळाला; तालुक्याचे गाव आपले होते तसेच वाढत राहिले. १९५६ साली विदर्भ मुंबई राज्यात आला, आणि १९६६ च्या महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियमाने लहान नगरपरिषदांच्या विकास योजनांसही एकच चौकट लाभली. आराखड्याचा मसुदा प्रसिद्ध करावा, नागरिकांच्या हरकती व सूचना घ्याव्यात, आरक्षित जमीन दहा वर्षांत संपादन न झाल्यास मालकास नोटीस देऊन आरक्षण संपविण्याचा मार्ग असावा, अशी त्यात तरतूद आहे. गेडिसला जे पायी हिंडून मिळवावे लागे, ते या कायद्याने नागरिकास अर्ज लिहून सांगावयास मिळते. मात्र नकाशा वाचता आला पाहिजे, आणि मुदतीच्या आत वाचता आला पाहिजे. ज्याचे घर त्या रेषेखाली येते त्यास ही विद्या बहुधा येत नाही.

म्हणून गेल्या हिवाळ्यात मी माझ्या विद्यार्थ्यांस घेऊन गावाच्या जुन्या भागात गेलो. प्रत्येकाजवळ फीत व वही. गल्लीची रुंदी, ओटे, विहिरी, कडुनिंब, ओस घरे, सर्व लिहून काढावयाचे, एवढेच काम. तासाभराने एका ओट्यावर तुरीच्या शेंगा सोलीत बसलेल्या म्हातारीने आम्हांस थांबविले.

“कायले मोजून राह्यले बाप्पा? पाडाचं हाये का घर?”

नाही आजी, कॉलेजचा अभ्यास आहे, असे मुलांनी तिला परोपरीने सांगितले. तिने ऐकून घेतले. मग शेंगांचे सूप उचलले, खालची चटई गुंडाळली आणि आत जाऊन दार लावून घेतले.